आधी दागिना बघा, ठसा मागून: उत्तर आफ्रिकेची जुनी चांदी ओळखताना

पॅरिसजवळ नोकरीला होतो तेव्हा रविवारी सकाळी जुन्या बाजारात हिंडायचा मला नाद लागला. एका टेबलावर मळक्या मखमलीच्या तुकड्यावर एक गोल ब्रोच पडला होता. चांदीचा, वर निळा-हिरवा-पिवळा मीना, मधोमध लाल खडे. विक्रेता म्हणाला, अल्जीरियाचा आहे, कबाइल जमातीच्या बायकांचा, एकोणिसाव्या शतकातला. पुरावा म्हणून त्याने भिंगातून मागचा हंसाचा ठसा, म्हणजे हॉलमार्क, दाखवला. ठसा आहे म्हटल्यावर मी घासाघीस न करता पैसे मोजले.

पुढे कळलं, की हंस तो दागिना फ्रान्समध्ये विकला गेला तेव्हा उमटलेला होता. लाल खडे पोवळ्याचे नव्हते, सेल्युलॉइडचे, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकचे होते. चांदी खरी निघाली, पण मी जास्तीचे पैसे मोजले होते ते वयाचे, आणि वय निम्म्याहून कमी होतं.

त्यानंतर मी बघण्याचा क्रम उलटा केला. दागिना हातात आला की आधी त्याचा घाट, मग झीज, मग घडण, खडे, आणि ठसा त्यानंतर. नव्याने या वाटेला लागणाऱ्यांसाठी तोच क्रम इथे मांडतो. सोबत दहापट दाखवणारं भिंग, दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा आणि दिवसाचा उजेड असला की काम भागतं.

पहिली पायरी: तो अंगावर कुठे होता?

उत्तर आफ्रिकेच्या चांदीत सगळ्यात जास्त हाती लागते ती फिब्युला, म्हणजे कापड अडकवायचा मोठा काटा. आपल्याकडे न शिवलेलं वस्त्र निऱ्या घालून, खोचून, काष्टा मारून अंगावर राहतं. नऊवारीला एकही टाचणी लागत नाही. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियातल्या अमाझिग, म्हणजे बर्बर, बायकांचं न शिवलेलं वस्त्र खांद्यांवर दोन काट्यांनी धरलेलं असायचं. म्हणून हे काटे जोडीने बनत आणि दोघांना जोडणारी साखळी छातीवर रुळत असे. तुम्हाला एकच काटा दाखवला, तर जोडीतला दुसरा कुठे गेला हे विचारा. एकटा काटा खोटा ठरत नाही, पण किंमत बरीच उतरते.

दक्षिण मोरोक्कोतले, तिझनितच्या आसपासचे काटे मोठ्या त्रिकोणाचे असतात. तिथे त्यांना तिझर्झाई म्हणतात. अल्जीरियाच्या कबाइल डोंगरातल्या गोल ब्रोचचं नाव ताब्झिम्त. मुलगा झाला की आईने तो कपाळावर मिरवायचा, अशी तिथली रीत सांगतात. आथ येन्नी हा तिझी उझूजवळचा गावांचा पुंजका या कामासाठी प्रसिद्ध. पायातल्या जाड, उघड्या तोंडाच्या कड्याला सगळीकडे खल्खाल म्हणतात. आपल्या तोड्यांचाच भाऊबंद. इजिप्तच्या वाळवंटातल्या सिवा ओॲसिसमध्ये लग्नाआधीच्या मुली गळ्यात आपल्या सरीसारखी जाड चांदीची कडी घालत आणि तिला मोठी कोरीव चकती लटकवत. सहारातल्या तुआरेग या भटक्या जमातीचे क्रॉस, त्यातला अगादेझ गावचा सगळ्यांत माहितीचा, हे वेगळंच घराणं आहे. तुआरेग परंपरेने सोन्यापेक्षा चांदी पसंत करतात, आणि त्यांच्या जुन्या कामावर ठसा शोधत बसू नका. लोहार-सोनारांच्या त्या वाड्यांवर सरकारी ठसा पोचलाच नव्हता.

दुसरी पायरी: झीज

जुन्या वाड्याचा उंबरठा मधोमध झिजलेला असतो, कडेला नाही, कारण पाय मधोमधच पडतो. दागिन्याचंही तसंच. फिब्युलाचा काटा कापडातून आरपार जातो, मग त्याच्याभोवतीची तोंड उघडी कडी फिरवून तो अडकवतात. म्हणजे कडी जिथे काट्यावर घासते तिथे, काट्याच्या मानेवर, खाच दिसली पाहिजे. साखळीच्या कड्या एकमेकींना जिथे टेकतात तिथे पातळ झालेल्या असाव्यात. त्रिकोणाची पाठ कापडावर घासून गुळगुळीत झालेली, आणि कोरीव नक्षीच्या उंच कडा साबणाच्या जुन्या वडीसारख्या गोल झालेल्या असाव्यात.

बनावट जुनेपणा सगळीकडे सारखा असतो. गंधकाच्या द्रावणात बुडवून काळं केलेलं आणि वरून फिरकीवर पॉलिश मारलेलं काम बघा: खोलगट जागा एकसारख्या काळ्या, उंच जागा एकसारख्या चकचकीत, आणि काट्याच्या मानेवर खाच मात्र नाही. कधी कधी तर कापड कधीच लागणार नाही अशा जागी ओरखडे असतात. माझ्या त्या ब्रोचचा काटा इतका सरळ नि धारदार होता की तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुरुस्त्या दिसल्या तर घाबरू नका. मला त्या आवडतात. वेगळ्या रंगाची डाख, कशीबशी बदललेली कडी, तुटलेल्या टोकाला लावलेला चांदीचा पत्रा, ही सगळी घरात नांदलेल्या दागिन्याची लक्षणं.

तिसरी पायरी: घडण आणि मीना

पाठ उलटी करून बघा. नवशिक्या समोरून बघतो आणि बनावट माल समोरूनच सजवलेला असतो.

कबाइल कामात पातळ चांदीची तार पत्र्यावर डाखून घरं पाडतात आणि त्यात काचेचा मीना भाजतात. निळा आणि हिरवा पारदर्शक, खालची चांदी त्यातून झळकते; पिवळा मात्र गच्च, अपारदर्शक. चांगल्या जुन्या ताब्झिम्तची पाठही नक्षीने आणि मीन्याने भरलेली असते. ती बाजू कुणाला दिसणार नसते, तरी भरलेली. पुढे पुढे मजुरी वाचवायला पाठ साधी सोडायला लागले. पाठ साधी म्हणजे खोटा असं नाही, पण एकोणिसाव्या शतकाचा दावा असेल आणि पाठ कोरी असेल, तर पुढचा प्रश्न विचारा.

भाजलेला मीना ही काच आहे. भिंगाखाली तिच्यात बारीक बुडबुडे, खड्डे दिसतात, आणि ती उडते तेव्हा शिंपल्यासारखा टवका निघतो. आजच्या स्वस्त नकलांमध्ये रंगीत रेझिन भरतात. ते अगदी सपाट, एकसारखं, आणि कडेला तारेवर किंचित सांडलेलं असतं. नखाने दाबलं तर काचेचा थंड कडकपणा लागत नाही.

मोरोक्कोत वय ठरवायला इतिहासही मदतीला येतो. तिथल्या दक्षिणेकडच्या गावांमध्ये चांदीचं बरंचसं काम ज्यू कारागिरांच्या हातात होतं. इस्रायल १९४८ मध्ये स्थापन झाल्यावर पुढच्या दोन दशकांत त्यातली बहुतेक कुटुंबं देश सोडून गेली. काम थांबलं नाही, मुस्लिम कारागिरांनी ते पुढे नेलं. पण काही घाट, काही बारकावे त्या टप्प्यावर बदलले. म्हणून मोरोक्कन दागिना हातात आला की मी स्वतःला विचारतो, हा त्या स्थलांतराआधीचा की नंतरचा? शतकाचा अंदाज बांधण्यापेक्षा या प्रश्नाचं उत्तर सापडण्याची शक्यता जास्त. आथ येन्नीचे कारागीर मात्र कबाइल मुसलमानच होते, तिथे ही कसोटी लावू नका.

चौथी पायरी: लाल आणि पिवळं

पोवळं भूमध्य समुद्रातलंच. ट्युनिशियातलं ताबार्का आणि अल्जीरियातलं एल काला ही पोवळ्याची जुनी ठिकाणं. खऱ्या पोवळ्यावर भिंगातून लांबीच्या दिशेने अगदी बारीक समांतर रेघा दिसतात, मधेच किड्याने पोखरल्यासारखं भोकही. गालाला लावलं तर गार लागतं. रंग एका दागिन्यातल्या सगळ्या खड्यांचा तंतोतंत जुळत नाही.

सेल्युलॉइडचा रंग तंतोतंत जुळतो. तेच माझ्या ब्रोचचं झालं. अंगठ्याने जोरात घासून लगेच वास घेतला तर कापराचा वास येतो. देवघरात वाढलेल्या माणसाला तो ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. तापलेली सुई लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका: सेल्युलॉइड भसकन पेट घेतं. आणि एक लक्षात ठेवा, विसाव्या शतकात खुद्द कबाइल कारागीरच पोवळं महागल्यावर सेल्युलॉइड वापरत. म्हणजे तो दागिना खोटा नसतो, फक्त तितका जुना नसतो. पोवळ्याचा भाव मात्र त्याला देऊ नये.

मोठ्या पिवळ्या मण्यांच्या माळा अंबर, म्हणजे झाडाची दगड झालेली राळ, म्हणून विकतात. बहुतेक कोपल, म्हणजे त्याहून कोवळी राळ, नाहीतर कारखान्यातलं रेझिन निघतं. नवशिक्याने या वाटेला जाऊच नये.

पाचवी पायरी: आता ठसा

ठसा शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: काट्याची मान, कडीचं टोक, त्रिकोणाची कड, बांगडीची बिजागरी किंवा खिळीजवळची जागा. मोरोक्कन कामावर तो कधी कधी अगदी समोर, नक्षीच्या मधेच ठोकलेला असतो. आकार दीड-दोन मिलिमीटर, त्यामुळे उजेड तिरका पाडा. मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरून फोटो काढला की तो मोठा करून निवांत बघता येतो.

फ्रेंच ठसे सगळ्यांत जास्त भेटतात, कारण अल्जीरिया १८३० पासून १९६२ पर्यंत फ्रान्सच्या ताब्यात होता. १८३८ च्या पद्धतीत छोट्या चांदीकामाला पॅरिसमध्ये रानडुकराच्या डोक्याचा ठसा, आणि पॅरिसबाहेरच्या चांदी तपासणाऱ्या कचेऱ्यांमध्ये खेकड्याचा. दोन्हींचा अर्थ चांदी किमान ८०० टंच, म्हणजे हजारात आठशे भाग. रानडुक्कर १९६२ मध्ये बंद झालं, खेकडा पुढे चालू राहिला. झिजलेला खेकडा कोळ्यासारखा दिसतो, नांग्या शोधा.

मोठ्या, जड वस्तूंवर मिनर्व्हा देवीचं शिरस्त्राण घातलेलं डोकं असतं, पण जुन्या गावठी दागिन्यावर ते क्वचितच.

हंसाबद्दल मी आधीच पैसे मोजून शिकलो आहे. १८९३ पासून फ्रान्समध्ये, मूळ ठाऊक नसलेल्या, बाहेरून आलेल्या किंवा लिलावात निघालेल्या चांदीवर लंबगोल चौकटीतला हंस ठोकतात. कबाइल काटा १८६० मध्ये घडला, एखाद्या अधिकाऱ्याच्या बायकोच्या पेटीतून फ्रान्समध्ये गेला, आणि १९५० मध्ये लिलावाला आला, तर त्यावर हंस येणार. आणि १९४५ मध्ये घडलेल्या काट्यावरही हंसच येणार. कचेरीच्या टेबलावरून तो कधी गेला एवढंच त्यावरून कळतं, तेही साधारण. भुंग्यासारखा सोंडेचा किडा दिसला तर तोही १८९३ नंतरचा, करार असलेल्या देशांतून आलेल्या मालाचा.

फ्रेंच कारागिराचा स्वतःचा ठसा शंकरपाळ्याच्या आकारात असतो, आत आद्याक्षरं आणि एखादं चिन्ह. तोच ठसा पूर्ण चौकोनात असेल तर सावध व्हा: चौकोन मुलाम्याच्या मालासाठी. आणखी एक गंमत. फ्रेंच कचेरीत दागिना ज्या छोट्या ऐरणीवर ठेवून ठसा मारत, त्या ऐरणीवरच किड्यांची बारीक नक्षी कोरलेली असे. त्यामुळे ठशाच्या बरोबर मागच्या बाजूला पुसट नक्षी उमटते. ठसा खोटा मारणारा बहुधा इतकी मेहनत घेत नाही.

मोरोक्कोत १९१२ ते १९५६ फ्रेंच संरक्षित राज्य होतं. त्या काळात तिथे मेंढ्याच्या डोक्याचा ठसा आला. रानडुक्कर आणि मेंढा झिजल्यावर चटकन ओळखू येत नाहीत. मेंढ्याचं वळलेलं शिंग बघा. मेंढा दिसला म्हणजे दागिना तेव्हा घडलाच असं नाही, जुना दागिनाही तपासणीला जाऊन ठसा घेऊन यायचा. ट्युनिशियात द्राक्षांचा घोस भेटला तर तो विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातला, ९०० टंचाचा.

इजिप्तचं खातं सगळ्यांत नीट. १९१६ पासून तिथे टंचाचा आकडा, एक चित्र आणि वर्ष सांगणारं अरबी अक्षर असे ठसे मारतात. चित्र आधी मांजराचं होतं, १९४६ पासून चांदीवर कमळ आलं. म्हणजे दागिना शंभर वर्षांचा असल्याचा पुरावा म्हणून कुणी कमळ दाखवलं तर हसून पुढे जायचं. आकडे अरबी असतात, आणि इथे मराठी डोळा फसतो. अरबी नऊ आपल्या १ सारखा दिसतो, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. तेव्हा एकावर दोन ठिपके दिसले तर ते ९०० समजा. अरबी आठ म्हणजे उलटा व्ही, त्यापुढे दोन ठिपके असले की ८००. आणि जे आपल्याला शून्यासारखं गोल दिसतं तो त्यांचा पाच.

त्याआधीच्या ऑटोमन, म्हणजे तुर्की सुलतानांच्या, काळातल्या कामावर, इजिप्तपासून लिबियापर्यंत, सुलतानाचा तुघ्रा म्हणजे वळणदार सही दिसते, तिच्याजवळ कधी कधी "सह" हा अरबी शब्द, अर्थ "बरोबर". बाजूला नागमोडी खरवडल्याची रेघ असेल तर खूण चांगली: तपासनिसाने नमुना काढला तिथली ती.

आणि इंग्रजी आकड्यात ९२५? नवीन माल. १९ व्या शतकातल्या कबाइल कारागिराला ९२५ शी काही देणंघेणं नव्हतं. अल्पाका असं कोरलेलं असेल तर त्यात चांदीच नाही, ते जर्मन सिल्व्हर.

ठसा नसेल तर नाणी

बहुतेक जुन्या खेडवळ दागिन्यांवर ठसा नसतोच. तिथे माळेतली नाणी कामाला येतात. माळ तिच्यातल्या सगळ्यात नव्या नाण्यापेक्षा जुनी असू शकत नाही. अर्थात एखादं नाणं मागाहून ओवलेलं असेल, तर त्याची कडी आणि डाख बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसेल. फ्रान्सचं पाच फ्रँकचं चांदीचं नाणं २५ ग्रॅमचं, ९०० टंचाचं. वजन केलं तर नकली लगेच कळतं.

फसवतं ते ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचं थेलर, म्हणजे मोठं चांदीचं नाणं. लाल समुद्राच्या बाजूला, सुदान-इजिप्तकडे ते फार चालायचं. त्यावर सदैव १७८० च असतं, कारण राणीच्या मृत्यूचं ते साल गोठवून पुढेही तेच नाणं पाडत राहिले. दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ मध्ये, ते मुंबईच्या टांकसाळीतही पाडलं गेलं. म्हणजे "१७८० चं नाणं लावलेला दागिना" म्हणून कैरोत दाखवतील ते नाणं फोर्टातून निघालेलंही असू शकतं.

शेवटी धातू

घरच्या घरी करता येईल अशी एकच परीक्षा मी सुचवतो. वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. दागिना आधी कोरडा तोला. मग तो दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा आणि वाढलेला आकडा वाचा. पहिल्या वजनाला त्या आकड्याने भागा. माझी एक बांगडी कोरडी ६२ ग्रॅम, पाण्यात आकडा ६.१. भागाकार साधारण १०.१६, म्हणजे ८०० टंचाच्या आसपास. ९२५ ला तो १०.३६ च्या जवळ येतो. जर्मन सिल्व्हर किंवा पितळ असेल तर नऊच्या पुढे जात नाही. दागिन्यात मीना, खडे, पोकळी किंवा लाख असेल तर ही परीक्षा चालत नाही. चुंबकाने लोखंड तेवढं कळेल, जर्मन सिल्व्हर नाही.

तेजाब घरी आणू नका. ओळखीच्या सराफाकडे टंच काढायचं मशीन असेल तर तिथे जा, आणि झिजलेल्या जागेवर मोजायला सांगा, कारण मशीन वरचा थरच वाचतं. मुलामा असेल तर तोच मोजेल. आधीच सांगा, कानस लावायची नाही, तुकडा काढायचा नाही. सराफाला तुमच्या काट्यात वजन दिसतं. आमच्या सराफाने माझा मोरोक्कन काटा तराजूत टाकला, मोडीचा भाव सांगितला आणि वर विचारलं, "याचे पैंजण करून देऊ का?"

घेताना बिलावर देश, धातू आणि विक्रेत्याने सांगितलेला काळ लिहून घ्या. इजिप्तमध्ये १९८३ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावस्तूचं संरक्षण मिळू शकतं, तेव्हा तिथून शतकभर जुना दागिना पिशवीत टाकून निघण्याआधी चौकशी करा. भारतातही १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरलेली चीज परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, मग ती मूळची कुठलीही असो.

घरी आणल्यावर चिंच-मीठ, राख, टूथपेस्ट काही लावायचं नाही. आंबटाने पोवळं खरबरीत होतं, राखेने नक्षीच्या कडा जातात, आणि खोबणीतला काळेपणा गेला की तुम्ही दुसऱ्या पायरीत जे वाचलं तेच पुसून टाकता. मऊ सुती फडक्याने कोरडं पुसा. ज्या चांदीत मीना किंवा खडे नाहीत ती फार मळली असेल तर रिठ्याच्या कोमट पाण्यात क्षणभर, आणि लगेच कोरडी.